कंबर आधी, हात मागाहून

गोल्फ हा व्यायाम नव्हे, यावर गोल्फ न खेळणाऱ्या समस्त जगाचं एकमत आहे. पांढरे बूट, कडक इस्त्रीची पँट, डोक्यावर टोपी, पिशवी वाहायला दुसरा माणूस, आणि एका फटक्यापासून दुसऱ्या फटक्यापर्यंत शेअर बाजाराच्या गप्पा मारत रमतगमत चालणं. याला व्यायाम म्हणायला तालमीतल्या मातीत घाम गाळलेल्या माणसाची जीभ रेटत नाही. आमच्या इमारतीतले एक निवृत्त पीटी शिक्षक तर गोल्फचा नंबर कॅरमच्याही खाली लावतात. कॅरमला निदान मनगट लागतं, असं त्यांचं म्हणणं.

हे मत बदलतं ते ड्रायव्हिंग रेंजवर चेंडूंची पहिली बादली रिकामी केल्यानंतरच्या सकाळी. पलंगावरून उठताना बरगड्यांच्या खाली, कुल्ल्यांच्या बाजूला, पाठीच्या मधोमध, अशा अशा ठिकाणांहून तक्रारी येऊ लागतात, की तिथे आपल्याला स्नायू आहेत हे शाळेतल्या शरीरशास्त्राच्या तक्त्यानंतर कुणी सांगितलेलंच नसतं. त्या मानाने दंडांची कुरकुर मामुली. ज्या दंडांनी सगळा पराक्रम केला अशी आपली समजूत, ते चहाचा कप उचलायला हजर. आणि जे नुसते सोबतीला आले होते त्यांनी अंथरूण धरलेलं. हे कोडं सोडवायला निघालेला माणूस चेंडू सोडून हळूहळू स्वतःच्या शरीराच्याच मागे लागतो.

मुळात चेंडूकडे बोट दाखवायला काही जागा नाही. नियमाप्रमाणे त्याचं वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर नाही, व्यास ४२.६७ मिलिमीटरच्या खाली नाही, आणि तो हलत नाही. सगळी अडचण या शेवटच्या गुणात आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, त्यामुळे विचार करायला सवड नसते. शरीर आपलं आपण काहीतरी करून मोकळं होतं, आणि नाहीच जमलं तर खेळपट्टी आहे, अंधूक प्रकाश आहे, पंच आहेत. गोल्फमध्ये तो छोट्याशा टीवर, आपणच ठरवलेल्या उंचीवर, आपल्याला हवा तितका वेळ बसून राहतो. घाई कुणालाच नाही. आणि मराठी माणसाला फुरसत मिळाली की त्याला सल्ले आठवतात. डोकं खाली. डावा हात सरळ. गुडघे किंचित दुमडलेले. पकड सैल, पण फार सैल नको. खांदा हनुवटीखाली. वजन आधी उजव्या पायावर, मग डाव्यावर. श्वास घ्यायला विसरायचं नाही. एवढी संहिता मनात म्हणून झाली की क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरतो, आणि चेंडू दहा पावलांवर जाऊन पुन्हा बसतो.

गंमत अशी की या सल्ल्यांना अंमलात यायला वेळच नसतो. क्लब मागे नेऊन वर चढवायला, म्हणजे बॅकस्विंगला, सराईत खेळाडूला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि वरून चेंडूपर्यंत यायला पाव सेकंद. क्लबचं तोंड आणि चेंडू यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती अर्ध्या मिलिसेकंदाची; एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या ड्रायव्हर नावाच्या क्लबचं टोक त्या क्षणी ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतं. 'कोपर आत घे' हा हुकूम मेंदूतून निघून, कोपरापर्यंत पोचून, कोपराने तो मनावर घेईपर्यंत चेंडू झाडीत गेलेला असतो. पाव सेकंदात काय घडणार ते त्या पाव सेकंदात ठरत नाही. ते आधीच ठरून गेलेलं असतं: वर्षानुवर्षं आपण कसल्या खुर्चीत कसे बसलो, बॅग कुठल्या खांद्याला अडकवली, जमिनीवर पडलेली पेन्सिल वाकून उचलली की मुलाला हाक मारली, यावर.

स्विंगची खरी सुरुवात जमिनीपासून होते. क्लब वरच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच उजवखोऱ्या खेळाडूचा डावा पाय जमिनीत दाब देऊ लागतो. जोरदार फटक्यात त्या पायाखाली शरीराच्या वजनाहून जास्त भार पडतो. मग पट्टा बांधतो त्याच्या खालचा हाडांचा कटोरा, म्हणजे आपली कंबर, लक्ष्याकडे वळते. तिच्यामागून छाती. मग हात. आणि सर्वांत शेवटी क्लबचं टोक. हालचाल टिपणारी यंत्रं लावून उत्तम खेळाडूंचा अभ्यास केला की हा क्रम आलेखावर दिसतो: कंबर, छाती, हात, क्लब. प्रत्येक जण आधीच्याहून जास्त वेगाने फिरतो. पण नवलाची गोष्ट पुढे आहे. कंबर आपला सर्वोच्च वेग गाठते आणि लगेच मंदावते. ती मंदावते म्हणून छातीला वेग मिळतो. छाती मंदावते तेव्हा हात सुटतात, हात मंदावतात तेव्हा क्लब. ज्वारी राखायला माळ्यावर उभा असलेला शेतकरी गोफण फिरवून हेच करतो. हात ऐन वेळी रोखून दोरीचं एक टोक सोडलं की धोंडा सुटतो. हात नुसताच गरागरा फिरवत राहिला तर पाखरं कणसं संपवून ढेकर देऊन जातील.

वेग वाढायला कुणीतरी थांबावं लागतं, हे पचायला जड आहे. आपली हयात जोर लावण्यात गेलेली. बरणीचं घट्ट झाकण, पावसाळ्यात फुगलेलं दार, सुरू न होणारी स्कूटर. काही हललं नाही की हात पुढे. गोल्फमध्येही हातच पुढे धावतात आणि तिथे घात होतो. कंबर वळायच्या आत उजवा खांदा आणि हात सुटले की क्लब बाहेरून आत येतो, त्याचं तोंड उघडं राहतं, चेंडूवर कलती फिरकी बसते, आणि तो आधी सरळ जात असल्याचं भासवून मग उजवीकडे वळतो. हा स्लाइस. हौशी गोल्फरांचा हा सर्वदेशीय, सर्वधर्मीय फटका आहे. पिशवी वाहणाऱ्या मुरलेल्या कॅडीला तो मारायच्या आधीच दिसतो. आपण बॅकस्विंगच्या टोकाला असतो तेव्हा बाकीचे लोक फेअरवेकडे बघत असतात, आणि कॅडी उजवीकडच्या बाभळींकडे. निदानही तो एका ओळीत करतो: "सायेब, हात लई घाईत हैत." हेच निदान चकचकीत कॅमेऱ्यापुढे उभं राहून, रंगीत आलेखांसह, सविस्तर अहवालाच्या रूपात मिळवता येतं. त्यात घाईचा वेग अंशांमध्ये दिलेला असतो.

कंबर वळली नाही तर काय होतं, याचा पुरावा पृथ्वीबाहेरसुद्धा आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे अ‍ॅलन शेपर्ड चंद्रावर गोल्फ खेळले. दगडमातीचे नमुने गोळा करायच्या दांड्याला त्यांनी सहा नंबरच्या आयर्नचं तोंड बसवलं होतं. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, हवेचा अडथळा नाही, मागे ताटकळणारी मंडळी नाहीत. यापेक्षा सोयीचं मैदान कुणाला मिळणार? पण अंगावर फुगलेला अंतराळपोशाख. त्यात ना धड वळता येतं, ना दोन्ही हात एकत्र आणता येतात. त्यांनी एकाच हाताने फटके मारले. चेंडू मैलोन्मैल गेल्याचं त्यांनी तिथूनच खुशीत जाहीर केलं. पुढे पन्नास वर्षांनी जुन्या छायाचित्रांवरून मोजमाप झालं, तेव्हा एक चेंडू सुमारे २४ यार्डांवर आणि दुसरा ४० यार्डांवर निघाला. कंबर बांधलेली असेल तर चंद्रावरही काही खरं नाही.

एवढी माहिती डोक्यात भरली की माणूस फिजिओकडे जातो. मीही गेलो. फिजिओ भाचीच्या वयाची. तिने सुरुवातीला गोल्फबद्दल अवाक्षर काढलं नाही. एक लांब काठी हातात दिली.

"काका, काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरा. सरळ वर. आता उकिडवे बसा. टाचा उचलायच्या नाहीत."

उकिडवं बसणं ही आमच्या पिढीची जन्मजात कला. विहिरीवर, चुलीपुढे, एसटी उशिरा आली तर फाट्यावर, माणसं तासन्‌तास उकिडवी बसत. त्या भरवशावर मी खाली निघालो. मांड्या जमिनीला समांतर व्हायच्या बऱ्याच आधी प्रवास थांबला. टाचा उठू पाहू लागल्या आणि डोक्यावरची काठी नाकासमोर आली.

"अजून खाली, काका."

"एवढंच आहे."

ती काही बोलली नाही, वहीत लिहिलं. फिजिओने न बोलता वहीत लिहिणं याहून भीतीदायक काही नसतं. मग खुर्चीत बसवून, तीच काठी खांद्यांवर आडवी ठेवून छाती उजवीकडे वळवायला सांगितली, मग डावीकडे. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. डोळे मिटेपर्यंतचा भाग मला उत्तम जमला. शेवटी पालथं झोपवून, गुडघे दुमडून, पावलं बाहेरच्या बाजूला किती पडतात ते तिने पाहिलं. ती फारशी पडेनात. मला तासन्‌तास मांडी घालून बसता येतं, खुबे चांगले मोकळे आहेत, असं मी तिला सांगून पाहिलं. त्यावर तिने शांतपणे समजावलं की मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो. फटका मारून डाव्या पायावर वळायचं तर तो आतल्या बाजूला फिरायला हवा. इतक्या सत्यनारायणांना मांडी घालून जे कमावलं ते सगळं भलत्याच खात्यात जमा झालेलं होतं.

पाठीचा हिशेबही तिने उलगडून दाखवला. पाठीच्या तळाशी जे पाच मणके आहेत ते मुळात फिरण्यासाठी घडवलेलेच नाहीत. वाकणं आणि ताठ होणं हे त्यांचं काम. पाचही मिळून एका बाजूला दहा-बारा अंश फिरले तरी खूप. फिरायचं असतं ते खालून खुब्यांनी आणि वरून बरगड्या जोडलेल्या बारा मणक्यांनी. बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण ९० अंश वळतात आणि कंबर ४५. खुबे गंजलेले आणि वरची पाठ संगणकापुढे पोक काढून आखडलेली असली, तर हा आकडा कुठून तरी भरून काढावा लागतो, आणि भुर्दंड पडतो मधल्या पाचांवर. हौशी गोल्फरांत पाठदुखी इतकी सर्रास का, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

"काका, तुमची पाठ वाईट नाहीये," ती म्हणाली. "ती शेजाऱ्यांची कामं करतेय."

त्यानंतर घरी जो व्यायाम सुरू झाला, तो बाहेरच्या माणसाने पाहावा असा नाही. पहिला पाठ वाकण्याचा. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा पाठीवर उभा धरायचा. तो डोक्याला मागून, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला, असा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. मग गुडघे जरासे सैल सोडून कुल्ले मागे न्यायचे आणि पुढे झुकायचं. तिन्हींपैकी एकही ठिकाण सुटता कामा नये. पाठ वाकवून नव्हे, खुब्यातून. चेंडूसमोर उभं राहायची गोल्फमधली ठेवण म्हणजे हीच, फक्त दांडा नाही. वाकायला काय शिकायचं, असं वाटणाऱ्याने करून पाहावं. पहिल्याच झुकण्यात दांडा माकडहाड सोडून हवेत उभा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून विचारणा होते:

"अहो, मॉपचा दांडा तुम्ही घेतलात का? बाई खोळंबल्यात."

मग जमिनीवरचे प्रकार. एक पाय पुढे काटकोनात, दुसरा बाजूला काटकोनात ठेवून बसायचं आणि हात न टेकता दोन्ही गुडघे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचे. खुब्याचं आत फिरणं आणि बाहेर फिरणं, दोन्ही यात येतं. शिवाय मनात येणारे सगळे शब्दही. कुशीवर झोपून, गुडघे एकावर एक ठेवून, वरचा हात छातीसकट पलीकडे उघडायचा आणि श्वास सोडायचा. याने वरची पाठ मोकळी होते. उताणं पडून कुल्ले उचलायचे. रांगत्या अवस्थेत समोरचा एक हात आणि विरुद्ध पाय लांब करून स्थिर राहायचं. इंग्रजी नावांनी शिकवलेल्या या प्रकारांपैकी निम्मे आमच्या आईला योगवर्गापासून संस्कृत नावांनी येत होते, आणि तिने त्यासाठी लवचीक कापडाची पँट विकत घेतली नव्हती.

सगळ्यांत गूढ प्रकार रबरी पट्ट्याचा. तो खिडकीच्या गजाला बांधायचा, त्याला काटकोनात उभं राहायचं, पट्ट्याचं दुसरं टोक दोन्ही मुठींत छातीशी धरून हात हळूच समोर लांब करायचे. पट्टा आपल्याला खिडकीकडे वळवू पाहतो. आपण वळायचं नाही. एवढंच. यात काहीही हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हे कुणाची तरी वाट बघताहेत. पोटाच्या बाजूचे स्नायू मात्र त्या वेळी वळणं अडवायचं काम करत असतात, आणि अडवणं हेही काम आहे हे मला त्या खिडकीपाशी पहिल्यांदा कळलं. त्याआधी अडवणं हे मी फक्त सरकारी खिडक्यांचं कौशल्य समजत होतो.

गोल्फरांनी व्यायामाला फार काळ उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. वजनं उचलली की अंग आखडतं, हाताची नजाकत जाते, अशी पक्की समजूत. दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांनी ती धुडकावली. अंगापिंडाने लहानखुरा माणूस; समोर अर्नोल्ड पामर आणि जॅक निक्लॉस. बाकीचे खेळाडू क्लबहाउसात बसत तेव्हा हे गृहस्थ वजनं उचलायचे. नऊ मेजर स्पर्धा त्यांनी जिंकल्या, त्यातली शेवटची १९७८ ची मास्टर्स, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पुढे १९९७ मध्ये एकवीस वर्षांच्या टायगर वुड्सने मास्टर्स तब्बल १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली, आणि हळूहळू उरलेसुरलेही जिमच्या वाटेला लागले. त्याच वुड्सच्या पाठीवर नंतर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये तळाचे मणके एकमेकांना जोडावे लागले. त्या जोडलेल्या पाठीनिशी त्याने २०१९ ची मास्टर्स जिंकली. पाठ किती सोसते आणि किती सूड घेते, दोन्ही एकाच माणसात पाहायला मिळालं.

२०२० मध्ये ब्रायसन डिशॅम्बोने वजन अठराएक किलोंनी वाढवलं आणि त्याच वर्षी यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकली. वजन वाढल्याने खेळ सुधारल्याचा हा दाखला मी घरी जेवणाच्या टेबलावर पुष्कळदा दिला आहे. त्याने वाढवले ते बरेचसे स्नायू होते, हा तपशील संदर्भाला सोडून असल्याने मी तो सांगत बसत नाही.

आणि या सगळ्या शास्त्राला वाकुल्या दाखवायला जिम फ्युरिक आहे. त्याचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो, टोकाला एक वळसा घेतो आणि भलत्याच वाटेने खाली उतरतो. कुठल्याही शिकवणीत हा स्विंग कुणी मुलांना दाखवणार नाही. या माणसाने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर अठरा होल ५८ फटक्यांत संपवले. तेवढ्या कमी फटक्यांत त्या टूरवर आजवर दुसऱ्या कुणीच फेरी संपवलेली नाही. मात्र त्याचा क्लब चेंडूला भिडतो त्या क्षणाचं चित्र थांबवून पाहावं. कंबर वळून मोकळी झालेली, छाती तिच्या मागे, हात मागाहून येणारे. वरच्या मजल्यावर काय गोंधळ चालतो त्याच्याशी चेंडूला कर्तव्य नाही. खालचा क्रम चुकलेला त्याला खपत नाही.

खरं तर महाराष्ट्राला हे नवं नाही. तालमीत मुद्गल फिरवणाऱ्याला पाहावं. जड मुद्गल डोक्यामागून आणताना नुसत्या हातांनी जोर केला तर खांदा निखळेल. पाय रोवून, कंबरेने ओढ देऊन, मग तो आपल्या वजनाने फिरेल एवढी वाट त्याला मोकळी करून द्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी हे लाकडी मुद्गल आणि करेल बघून इतके खूश झाले की ते विलायतेत घेऊन गेले. तिथून त्यांचं वेड अमेरिकेपर्यंत पोचलं. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची रीतसर स्पर्धा होती. आता लोखंडी गदा 'स्टील मेस' असं नाव घेऊन शहरातल्या जिममध्ये परतली आहे. तिथल्या फीची तालमीच्या वर्गणीशी तुलना न केलेली बरी.

मुंबईत चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आजूबाजूच्या वस्तीतले तरुण कॅडी सळई वाकवून केलेल्या क्लबने आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने बोळाबोळांतून गोल्फ खेळतात. देशोदेशीच्या छायाचित्रकारांनी त्यांचे फोटो काढले आहेत. बोळ इतका अरुंद की हात लांबवून बॅकस्विंग घ्यायला जावं तर सळई कुणाच्या तरी दारावर आपटायची. तेव्हा जे काय करायचं ते पाय रोवून, आखूडात, अंग वळवून. चेंडू गटारात गेला तर तोही खेळावा लागतो, आणि गटाराच्या काठावर एका पायावर तोल सांभाळताना डोळे उघडे की मिटलेले असा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्यासारखी मंडळी मऊ हिरवळीवर, चारी दिशा मोकळ्या असताना, फक्त हात फिरवून येतात.

या खटाटोपाने फटका किती लांबला, असं लोक विचारतात. काहीसा लांबला. पण फिजिओच्या वहीत लांबीचा रकानाच नव्हता. तिचा भर भलतीकडेच होता. ताशी दीडशे किलोमीटरने सुटलेलं क्लबचं टोक चेंडूला भेटून थांबत नाही. पुढच्या अर्ध्या वर्तुळात ते शरीरालाच थांबवावं लागतं. डावा खुबा, पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू, पोटाच्या कडा, हे सगळे त्या वेळी ब्रेक लावत असतात. वेगाच्या मागे लागलेले लोक इंजिन वाढवत जातात, ब्रेक जुनेच ठेवतात, आणि मग एखाद्या सुंदर फटक्यानंतर तसेच वाकलेले गाडीपर्यंत चालत जातात. म्हणून तिचे निम्मे व्यायाम हलण्याचे नव्हते, थांबण्याचे होते: उडी मारून उतरताना आवाज न होऊ देणं, पट्ट्याची ओढ अडवणं, खाली बसताना धप्पकन न बसता सावकाश उतरणं.

साठीच्या आसपास हा धडा गोल्फपुरता राहत नाही. आमच्या बरोबरीचे बहुतेक जण निवृत्त झालेत, म्हणजे त्यांच्या कचेऱ्यांची तशी समजूत आहे. त्यातले काही अजून जुन्या ऑफिसला फोन करून फाइल कुठल्या कपाटात असेल ते सांगतात. काही जण चाळिशीतल्या मुलाच्या शेजारी बसून गाडीत नसलेला ब्रेक पायाने दाबतात. काहींनी सुनेच्या फोडणीत लक्ष घातलं आहे. जोर अजून आहे, तो कुठे लावायचा एवढाच प्रश्न आहे, आणि घरोघरी त्याचा चेंडू उजवीकडे वळतोय.

स्विंगमधली कंबर या बाबतीत फार शहाणी वाटते. सगळ्यांत आधी निघते तीच, आणि आपला वेग छातीच्या हवाली करून मंदावते तीही पहिली. त्यावर छातीने तिला 'आता वेळ कसा जातो?' असं विचारल्याचं ऐकिवात नाही, आणि कंबरेनेही पुढे क्लब कसा चाललाय म्हणून मान वर करून पाहिलेलं नाही. ती थांबते म्हणूनच तर बाकीचे पळतात. ज्यांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी उजवीकडे बाभळी आहेतच, आणि तिकडे नजर लावून बसलेला कॅडीही.